मर्यादा उमेदवाराला, मोकळीक पक्षाला

प्रश्न : लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. मग पक्षांची हेलिकॉप्टरे आणि पानभर जाहिराती या मर्यादेत कशा बसतात? अपक्षाने अशा लढतीत उतरायचे तरी कसे?

उत्तर : त्या मर्यादेत त्या बसत नाहीत, कारण त्या बसवाव्यात असे कायदा म्हणतच नाही. ९५ लाखांची मर्यादा उमेदवाराला आहे. पक्षाच्या खर्चाला आपल्याकडे कोणतीही मर्यादा नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ नुसार उमेदवाराने अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा हिशेब ठेवायचा असतो. पण पक्षाने कळवलेल्या स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च त्यातून वगळला आहे. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० प्रचारक नेमता येतात, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला २०, आणि अपक्षाला अर्थातच एकही नाही.

सभेचा खर्च मात्र वेगळा धरला जातो. नेत्यासोबत उमेदवार व्यासपीठावर बसला किंवा त्याच्या नावाचे फलक मंडपात लागले, तर तो खर्च उमेदवाराच्या नावे चढतो. कोणा एका उमेदवाराचे नाव न घेता केलेला प्रचार हा पक्षाचा सर्वसाधारण प्रचार ठरतो. एक छायाचित्र लावले की नाही, एवढ्यावर मोठी रक्कम कोणाच्या खात्यात जाणार हे ठरते, आणि मला हे मुळातच अन्यायाचे वाटते.

न्यायालयाने ही पळवाट एकदा बुजवली होती. दिल्ली सदर मतदारसंघाच्या १९७१ च्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटले, की उमेदवाराच्या माहितीने व संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च हा उमेदवाराचाच खर्च होय. गरीब माणसालाही लढता यावे हाच मर्यादेचा हेतू आहे. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून पक्षाने केलेला असा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळला गेला आणि निकाल निष्प्रभ ठरला. ती सवलत २००३ मध्ये आकुंचित झाली, तरी स्टार प्रचारकांची वाट उघडीच राहिली.

नाव जाहीर न होता पक्षांना देणगी देण्याचे साधन असलेले निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरले, आणि कंपन्यांच्या देणग्यांवरील मर्यादा काढून टाकणारी २०१७ ची दुरुस्तीही त्याच निकालात रद्द झाली. हे चांगलेच झाले. पण त्याने पैसा कोठून येतो एवढेच उजेडात येते, किती ओतला जातो याला आळा बसत नाही. माझ्या मते पक्षाच्या खर्चालाही मतदारसंघांच्या संख्येनुसार मर्यादा हवी, आणि ती घातल्याशिवाय उमेदवाराच्या मर्यादेला फारसा अर्थ उरत नाही.

अपक्षाला आज स्वतःची नोंदवही काटेकोर ठेवण्यावाचून पर्याय नाही. तिच्यात पांढरी, गुलाबी आणि पिवळी अशी तीन रंगांची पाने असतात : रोजचा खर्च पांढऱ्यावर, रोकड गुलाबीवर, बँक पिवळ्यावर. प्रचारकाळात खर्च निरीक्षक ती किमान तीनदा तपासतात आणि स्वतःच्या छायानोंदवहीशी, म्हणजे त्यांच्याकडे वेगळ्या ठेवलेल्या खर्चाच्या नोंदींशी, ताडून पाहतात. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर न केल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०क नुसार तीन वर्षांची अपात्रता ओढवू शकते.

आपण मतदार म्हणूनही हे हिशेब पाहू शकता. निवडणूक संचालन नियम, १९६१ च्या नियम ८८ प्रमाणे एक रुपया शुल्क भरून कोणत्याही उमेदवाराचा हिशेब तपासता येतो. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे अर्ज करा आणि आपण पाहिलेल्या सभांच्या तारखा त्या पांढऱ्या पानांवर आहेत का, ते पाहा.