वैद्यकीय, कायदा, संगीत... ग्रंथपालांच्या इतक्या वेगळ्या संघटनांनी एकत्र येऊन काय साधतं?

विषय वेगळा, वाचक वेगळा, मग एकत्र येऊन करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं वैद्यकीय ग्रंथालयात आहे आणि सुरुवातीला मलाही असंच वाटायचं.

मग एक डॉक्टर आले. जुन्या शस्त्रक्रियेवरून वाद उभा राहिला होता आणि त्यांना त्या वर्षी लागू असलेल्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना हव्या होत्या. आमच्याकडे नव्हत्या. नवी आवृत्ती आली की जुनीचं निर्लेखन, म्हणजे ती संग्रहातून काढून टाकायची, ही आमची सवय. रुग्णाच्या दृष्टीने ती योग्यच. शेवटी कायद्याच्या ग्रंथालयातल्या एका ओळखीच्या ग्रंथपालांना फोन केला. ते म्हणाले, "आम्ही रद्द झालेला कायदासुद्धा टाकत नाही. घटना घडली त्या दिवशी काय लागू होतं, हेच तर बघायचं असतं." प्रतही त्यांनीच मिळवून दिली. इतकी साधी गोष्ट आमच्या संघटनेच्या एकाही कार्यशाळेत कानावर आली नव्हती. येणार तरी कशी, तिथे सगळे माझ्यासारखेच!

हे फोनवर भागलं. काही कामं मात्र एकट्या संघटनेच्या आवाक्यातलीच नसतात. संगीत ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने संगीत संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर 'रिझ्म' हा प्रकल्प सुरू केला. जगभर विखुरलेली संगीताची हस्तलिखितं आणि जुनी छापील स्वरलिपी कुठे आहे, याची नोंद करायची. कपाटात काय पडलंय हे ग्रंथपालाला ठाऊक, ते कुणाचं आणि कशाचं हे संशोधकाला. आज रिझ्मच्या तालिकेत, म्हणजे या नोंदींच्या सूचीत, दहा लाखांहून अधिक नोंदी आहेत. मला सगळ्यात आवडतं ते हे की असंख्य नोंदींत रचनेचे सुरुवातीचे स्वरही दिलेले आहेत. हातात नाव नसलेली रचना आली तर पहिले काही स्वर टाकून तीच रचना दुसऱ्या देशातल्या संग्रहात सापडू शकते, कधी कर्त्याच्या नावासकट.

शब्दांचंही तसंच. 'जाझ' हा पुस्तकाचा विषय, की समोरची ध्वनिमुद्रिकाच जाझची? हा फरक तालिकेत दाखवायला लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने साहित्यप्रकारांची वेगळी शब्दावली उभारली, तेव्हा कायदा, संगीत आणि धर्मशास्त्र या विषयांचे शब्द ठरवायला अमेरिकेतल्या त्या त्या ग्रंथपाल संघटनांना सोबत घेतलं.

बाकी संयुक्त अधिवेशनं, सामंजस्य करार वगैरेंचं मला फारसं कौतुक नाही. फोटो निघतात, पुढच्या वर्षी पदाधिकारी बदलतात, विषय संपतो. लहान संघटनांना मोठीत विरून जाण्याची भीती असते, तीही खोटी नाही. पण रिझ्मसाठी कुणाला विलीन व्हावं लागलं नाही. काम एक होतं, घरं दोन राहिली.

तुमच्या संघटनेला सुरुवात करायची असेल, तर कोण कुठल्या जुन्या आवृत्त्या ठेवतं आणि कोण टाकतं, याची एक सामायिक यादी करून बघा. आमची अजून अर्धीच झालीये. कायद्यावाल्यांनी त्यांचा भाग केव्हाच पाठवला. अडलंय ते आमच्याकडे.