गुडघा टेकून सामना कधी संपवता येतो?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये आघाडीवरचा संघ शेवटी नुसता गुडघा टेकून वेळ काढतो, ते नेमकं कधी जमतं आणि तरीही काही कोच चेंडू घेऊन पळायला का लावतात, असं तुम्ही विचारलंय.

आधी हिशेब. स्नॅप (डाव सुरू करायला मागे दिला जाणारा चेंडू) घेऊन क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूने, गुडघा टेकला की साधारण २ सेकंद जातात. कॉलेजच्या नियमात गुडघा टेकताच डाव थांबतो, समोरच्याने हात लावायचीही गरज नाही. पण सामन्याचं घड्याळ चालूच राहतं आणि पुढच्या स्नॅपला ४० सेकंद मिळतात. म्हणजे एका गुडघ्याला ४२ सेकंद. फर्स्ट डाउनपासून, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्यापासून, असे तीन, १२६ सेकंद, म्हणजे २:०६. समोरच्याकडचा प्रत्येक टाइमआउट (घड्याळ थांबवायचा हक्क) यातले ४० सेकंद खातो: एक उरला असेल तर १:२६, दोन असतील तर ०:४६, तिन्ही असतील तर जेमतेम ६ सेकंद. स्नॅप प्ले क्लॉकवर, म्हणजे त्या ४० सेकंदांच्या घड्याळावर, १ सेकंद उरल्यावर घ्यायचा असतो, त्यामुळे यातून पाचेक सेकंद कमीच धरा.

२०२४ पासून यात एक मेख आहे. प्रत्येक हाफच्या शेवटची २ मिनिटं उरली की घड्याळ आपोआप थांबतं. समजा २:१० ला फर्स्ट डाउन आहे. पहिल्या गुडघ्यानंतर २:०८, आणि ८ सेकंदांत घड्याळ बंद. ४० ऐवजी ८ च गेले. पुढचे दोन गुडघे टेकूनही फोर्थ डाउनला ३६ सेकंद उरतात. तेच फर्स्ट डाउन बरोबर २:०० ला मिळालं असतं, तर तीन गुडघ्यांत सामना संपला असता.

आता पळण्याबद्दल. हिशेब बसत नसेल तर पळावंच लागतं, त्यात कोचची चूक नाही. हिशेब बसत असताना पळणं मात्र अक्षम्य. ७ ऑक्टोबर २०२३ ला मायामी जॉर्जिया टेकविरुद्ध २०-१७ ने पुढे होता. थर्ड डाउन, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ, टेककडे एकही टाइमआउट नाही. एक गुडघा, खेळ खलास. कोच मारियो क्रिस्टोबाल यांच्या संघाने धाव घेतली, चेंडू निसटला आणि २६ सेकंद उरले असताना टेकला स्वतःच्या २६ यार्डांच्या रेषेवर मिळाला. शेवटी ४४ यार्डांचा टचडाउन पास, टेक २३-२० ने विजयी. याच कोचच्या ओरेगॉनने २०१८ मध्ये स्टॅनफर्डविरुद्ध शेवटच्या मिनिटात पुढे असताना धावतानाच चेंडू गमावला होता आणि ओव्हरटाइममध्ये ३१-३८ असा सामना घालवला होता. बहुतेक वेळा कारण साधं असतं: "फर्स्ट डाउन मिळवा, सामना संपवा" ही सवय हाडात भिनलेली असते आणि बाजूला आकडे घेऊन उभा असलेला सहायक वेळेवर ओरडत नाही. वरच्या सेकंदांच्या हिशेबाचं कोष्टक कोचच्या हातातल्या कागदावरच छापलेलं हवं.

गुडघा टेकणंही अगदी बिनधोक नसतं. बरेच कॉलेज संघ सगळे डाव शॉटगनमधून, म्हणजे क्वार्टरबॅक चारपाच यार्ड मागे उभा राहून खेळतात. मग शेवटच्या मिनिटात सेंटरच्या (स्नॅप देणाऱ्या खेळाडूच्या) पाठीला चिकटून हातात चेंडू घ्यायची वेळ आली की देवाणघेवाणीतच तो सुटतो. म्हणून त्याचा सराव दर आठवड्याला हवा, ओल्या चेंडूनेही. क्वार्टरबॅकच्या दोन्ही बाजूंना एकेक खेळाडू चेंडूवर झेप घ्यायला वाकून तयार, आणि तिसरा बराच मागे, कारण चेंडू उचलून समोरचा सुटलाच तर त्याला अडवायला तोच एकटा उरतो.