टॉरिक लेन्स : सवय कशाची होते आणि कशाची होत नाही

प्रश्न : मला दोन्ही डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे आणि लहानपणापासून मी चष्मा वापरते. अलीकडेच मी मऊ टॉरिक, म्हणजे सिलिंड्रिकल नंबरासाठीच्या, कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. सुरुवातीला डोळ्यांत काहीतरी टोचत असल्यासारखे वाटे, ते आता जवळजवळ थांबले आहे. परंतु डाव्या डोळ्याने सतत थोडे धूसर दिसते, आणि उजव्या डोळ्याने कधी अगदी स्पष्ट, तर कधी अक्षरांना सावली पडल्यासारखे दिसते. ‘सवय होईल’ असे मला सांगण्यात आले आहे. किती दिवस वाट पाहावी?

उत्तर : धूसरपणा जाण्याची वाट पाहत बसू नका, लेन्सची तपासणी पुन्हा करून घ्या. ‘सवय होईल’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. पापणीला लेन्सच्या कडेची जाणीव होणे सवयीने कमी होते, आणि ते आपल्या बाबतीत झालेही आहे. चष्म्याच्या सिलिंड्रिकल काचेमुळे वस्तू एका दिशेत किंचित ताणलेल्या दिसतात व मेंदूने ते गृहीत धरलेले असते. त्यामुळे लेन्स लावल्यावर प्रारंभी जमीन किंवा दाराची चौकट कललेली वाटली, तर तेही बहुधा काही दिवसांत सरते. लेन्सचा अक्ष, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर ज्या दिशेने लागू होतो ती दिशा, डोळ्याच्या अक्षाशी जुळत नसेल, तर त्यातून येणारा धूसरपणा मात्र सवयीने जात नाही.

दृष्टिवैषम्यात, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर लागणाऱ्या दोषात, डोळ्याची प्रकाश वळवण्याची शक्ती सर्व दिशांना सारखी नसते, आणि बहुतेकदा त्याचे कारण बुबुळावरील पारदर्शक पटलाच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, असमान वक्रतेत असते. म्हणून टॉरिक लेन्सलाही दोन दिशांना दोन वेगवेगळ्या शक्ती द्याव्या लागतात. साधी लेन्स डोळ्यावर कितीही फिरली तरी फरक पडत नाही. टॉरिक लेन्सला मात्र आपल्या जागी स्थिर राहावे लागते. त्यासाठी तिचा खालचा भाग थोडा जाड ठेवतात किंवा काही भाग पातळ करतात, जेणेकरून प्रत्येक उघडझापीला पापण्यांच्या दाबाने ती योग्य स्थितीत येते. लेन्स १० अंशांनी फिरली तर सिलिंड्रिकल नंबराचा सुमारे एक तृतीयांश भाग दुरुस्त न होता राहतो, आणि ३० अंशांनी फिरली तर मूळ दोषाइतकाच दोष, वेगळ्या अक्षावर, शिल्लक राहतो. जितका सिलिंड्रिकल नंबर मोठा, तितकी ही उणीव अधिक जाणवते.

आता आपल्या दोन डोळ्यांकडे वळू, कारण त्यांच्या तक्रारी एकसारख्या नाहीत. डाव्या डोळ्यातील धूसरपणा स्थिर आहे. याचा अर्थ लेन्स बहुधा एकाच बाजूला ठरावीक अंशांनी फिरून तिथेच स्थिरावते, किंवा तिचा नंबरच पुरेसा जुळत नाही. चष्म्याची काच पाव-पाव नंबराच्या फरकाने व अंशाअंशाच्या अक्षाने घडवता येते. मऊ टॉरिक लेन्स मात्र अनेकदा ०.७५, १.२५, १.७५, २.२५ अशा टप्प्यांत आणि १० अंशांच्या अंतराने मिळतात, म्हणून जवळचा पर्याय निवडावा लागतो. हा दोष सुधारणे तुलनेने सोपे असते : लेन्सवर बारीक खुणा असतात, त्या स्लिटलॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहून लेन्स किती फिरली हे मोजता येते, आणि तेवढा फरक धरून नव्या अक्षाची लेन्स मागवता येते.

उजव्या डोळ्यातील धूसरपणा येतो-जातो, म्हणजे लेन्स एका जागी टिकत नाही किंवा तिचा पृष्ठभाग कोरडा पडतो. येथे अक्ष बदलून काहीच साधणार नाही. वेगळ्या वक्रतेची, वेगळ्या व्यासाची किंवा स्थिर राहण्याची वेगळी रचना असलेली लेन्स लावून पाहावी लागेल. तपासणीला जाण्यापूर्वी एक निरीक्षण आवर्जून करा. एक डोळा झाकून दूरची अक्षरे पाहा आणि पापणी मिटल्यावर लगेच काय होते ते नोंदवा. मिटल्यावर क्षणभर स्पष्ट दिसून मग हळूहळू धूसर होत असेल, तर कोरडेपणाची शक्यता अधिक. संगणकासमोर आपण पापण्या कमी वेळा मिटतो, त्यामुळे संध्याकाळी ही तक्रार वाढते. उलट, मिटल्यावरच दृष्टी विस्कटून नंतर स्थिर होत असेल, तर लेन्स सैल बसत असावी. लेन्स उलटी तर लागत नाही ना, हेही पाहा.

तपासणीच्या वेळी लेन्स घालूनच जा, आणि ती आधीपासून डोळ्यात स्थिरावलेली असू द्या. डोळा लाल झाला, दुखू लागला, प्रकाश सहन होईना किंवा दृष्टी अचानक कमी झाली, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. तो जंतुसंसर्ग असू शकतो, आणि त्यात विलंब दृष्टीवर बेततो. लेन्स घालून झोपणे, ती नळाच्या पाण्याने धुणे आणि डबीतील जुन्या द्रावणातच नवे ओतणे, या तिन्ही गोष्टी कटाक्षाने टाळा.

प्रश्न : माझ्या मुलाचा सिलिंड्रिकल नंबर प्रत्येक तपासणीत वाढलेला आढळतो आणि टॉरिक लेन्स बदलूनही त्याला स्पष्ट दिसत नाही. तो डोळेही फार चोळतो. आणखी एखादी लेन्स बदलून पाहावी का?

उत्तर : नाही, आधी कॉर्नियाचा आलेख, म्हणजे टोपोग्राफी, करून घ्यावी. वाढता सिलिंड्रिकल नंबर, बदलता अक्ष आणि डोळे चोळण्याची सवय ही केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन पुढे निमुळता होण्याची, लक्षणे असू शकतात. त्यात वक्रता अनियमित होते, म्हणून मऊ टॉरिक लेन्स अपुरी पडते. कडक, प्राणवायू आत जाऊ देणारी लेन्स किंवा स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स, तेथे अधिक उपयोगी ठरते, कारण ती आणि कॉर्निया यांच्यामधील अश्रूंचा थर उंचसखलपणा भरून काढतो. तथापि लेन्समुळे हा विकार थांबत नाही. तो वाढत असल्याचे दिसले, तर कॉर्नियल क्रॉस-लिंकिंग या कॉर्निया बळकट करणाऱ्या उपचाराने त्याला आळा घालता येतो, आणि हा उपचार जितका लवकर होईल तितकी अधिक दृष्टी राखता येते. टोपोग्राफीपूर्वी लेन्स किती दिवस बंद ठेवायची, हे वेळ ठरवतानाच विचारून घ्या, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलून आलेख चुकू शकतो. डोळे चोळणे मात्र आजपासूनच थांबवायला हवे. ॲलर्जीमुळे खाज येत असेल, तर तिच्यावर उपचार करून घ्या.