जनुक आहे, पण ते चालू आहे का? – वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांतून चार प्रश्न निवडलेत. वरवर बघितलं तर शाळा, सिकलसेल, दमा आणि दूध असे वेगवेगळे विषय आहेत, पण सगळीकडे गोष्ट एकच आहे, पेशीत जनुक असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. सिकलसेलच्या पत्राला जास्त जागा दिलीय, ती द्यायलाच हवी होती.

प्रश्न: मी नववी-दहावीला सायन्स शिकवते. सगळ्या पेशींत तोच डीएनए असतो हे शिकवताना एका मुलीने विचारलं, मग डोळ्याची पेशी आणि लिव्हरची पेशी इतकी वेगळी कशी? नको असलेली जनुकं पेशी टाकून देते का? तिला नीट उत्तर द्यायचंय.
– एक शिक्षिका, वर्धा

उत्तर: टाकून देत नाही मॅडम, आणि हे कसं सिद्ध झालं तेच वर्गात सांगा. ऑक्सफर्डला जॉन गर्डन नावाच्या तरुण संशोधकाने झेनोपस जातीच्या बेडकाचं अंडं घेतलं, अल्ट्राव्हायोलेट किरणांनी त्यातलं मूळ केंद्रक निकामी केलं आणि त्या जागी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घातलं. बहुतेक अंडी वाया गेली, पण थोड्यांतून पोहणारी पिल्लं निघाली आणि काही तर पुढे पूर्ण वाढलेले बेडूक झाले. म्हणजे आतड्याच्या पेशीत डोळा, हृदय, पाय सगळं बनवायची जनुकं शाबूत होती, फक्त गप्प बसली होती. हे १९६२ चं काम, नोबेल मिळालं थेट २०१२ ला. (अपवाद आहेत हां, तयार लाल रक्तपेशीत केंद्रकच नसतं, आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी आपल्या जनुकांचे तुकडे खरंच कापून जोडतात. हुशार मुलं हे विचारतीलच.)

मग चालू-बंद कोण करतं? प्रोटीन्स. याचा पहिला नीट पुरावा पॅरिसमध्ये मिळाला. जॅक मोनो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ई. कोलाय बॅक्टेरियाला ग्लुकोज आणि लॅक्टोज (दुधातली साखर) दोन्ही एकत्र देऊन वाढवत होता, तर त्याला दिसलं की ग्लुकोज संपेपर्यंत बॅक्टेरिया भराभर वाढतात, मग वाढ एकदम थबकते, आणि थोड्या वेळाने लॅक्टोजवर परत सुरू होते. मधला तो थबकण्याचा वेळ म्हणजे लॅक्टोज पचवायची जनुकं उघडायला लागणारा वेळ. एरवी त्या जनुकांच्या तोंडाशी एक रिप्रेसर प्रोटीन डीएनएला चिकटून बसलेलं असतं, अख्ख्या पेशीत त्याचे जेमतेम दहाएक रेणू असतात पण तेवढे पुरतात. लॅक्टोज आत आलं की त्यापासून बनलेला एक रेणू रिप्रेसरला जाऊन चिकटतो, रिप्रेसरचा आकार बदलतो, डीएनएवरची पकड सुटते आणि जनुक वाचलं जायला लागतं. पण ग्लुकोज हाताशी असेल तर लॅक्टोज असूनही काम मंदच चालतं, म्हणजे एवढासा जीव दोन वेगळे निरोप एकाच वेळी तपासून निर्णय घेतो! फ्रान्स्वा जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये हे सगळं मांडलं आणि १९६५ ला आंद्रे ल्वॉफसोबत नोबेल घेतलं.

माणसात मामला जास्त गुंतागुंतीचा आहे, आपल्याकडे प्रोटीन बनवणारी साधारण २०,००० जनुकं, आणि त्यांना चालू-बंद करणारे डीएनएचे भाग कधीकधी जनुकापासून डीएनएची हजारो अक्षरं लांब असतात, त्यांना एन्हान्सर म्हणतात. कुठल्या पेशीत कुठली प्रोटीन्स त्या एन्हान्सरवर येऊन बसतात यावर ती पेशी लिव्हर होणार की डोळा हे ठरतं. एन्हान्सर हा शब्द लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

प्रश्न: माझ्या मुलाला सिकलसेल एसएस (दोन्ही जनुकं सिकलची) निघाला, आम्ही दोघं नवराबायको एएस (एकच जनुक सिकलचं, म्हणजे वाहक) आहोत हे तेव्हाच कळलं. जन्मल्यापासून लेकरू चांगलं होतं, सातव्या महिन्यात हातपाय सुजले आणि तिथून त्रास सुरू झाला. सासूबाई म्हणतात लस दिल्यापासून झालं. आता डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू करू म्हटलंय, पण मेडिकलवाला म्हणाला ही कॅन्सरची गोळी आहे. द्यायची का नाही?
– एक आई, गडचिरोली जिल्हा

उत्तर: ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, डॉक्टर म्हणताहेत तर द्या, आणि रक्ततपासणीच्या तारखा चुकवू नका. का ते आता सविस्तर सांगतो, म्हणजे घरच्यांनाही तुम्हाला समजावता येईल.

लसीचा याच्याशी काही संबंध नाही. बाळ पोटात असताना त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला फीटल हिमोग्लोबिन म्हणतात, ते ऑक्सिजन घट्ट धरतं त्यामुळे आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेता येतो. ते गॅमा नावाच्या जनुकापासून बनतं. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन बनतं बीटा जनुकापासून, आणि सिकलमध्ये बिघाड आहे तो या बीटामध्ये, त्यापासून बनणाऱ्या प्रोटीनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो ॲसिड (त्या साखळीची एक कडी) बदललेलं असतं, बस्स तेवढंच. त्या एका बदलामुळे ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि दुखणं सुरू होतं. जन्मल्यावर बाळाच्या अंगात बहुतेक हिमोग्लोबिन गॅमाचंच असतं म्हणून तुमचं लेकरू छान होतं. पुढच्या काही महिन्यांत गॅमा बंद होत जातं, बीटा वाढत जातं, आणि साधारण सहा महिन्यांनंतर बिघडलेलं हिमोग्लोबिन पुरेसं साठलं की पहिलं लक्षण दिसतं, ते बहुतेक वेळा हेच, हाताच्या आणि पायाच्या पंजांवर सूज. लसीही त्याच वयात येतात म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते. उलट सिकलच्या मुलाला लसी जास्त गरजेच्या, कारण त्याची प्लीहा लवकर निकामी होते आणि न्यूमोकॉकससारख्या जंतूंचा धोका वाढतो, म्हणूनच पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिनही देतात. ते देताय का नाही, डॉक्टरांना नक्की विचारा.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. गॅमा जनुक तुमच्या मुलाच्या पेशींत आजही आहे, एकदम चांगलं आहे, फक्त बंद केलंय. नवजात बाळांच्या रक्तपेशी कमी वाकड्या होतात हे जॅनेट वॉटसन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्येच पाहिलं होतं आणि ते फीटल हिमोग्लोबिनमुळे असावं असंही म्हटलं होतं. पण बंद करतो कोण ते सापडायला साठ वर्षं गेली. २००८ मध्ये बोस्टनला स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बीसीएल११ए नावाचं प्रोटीन गॅमाला दाबून ठेवतं, ते कमी केलं की गॅमा परत चालू होतं.

मग ते प्रोटीनच काढून टाका की! नाही जमत, कारण मेंदूला आणि प्रतिकारशक्तीच्या काही पेशींना ते लागतं. इथे एन्हान्सर कामाला आला. बीसीएल११एचा एक एन्हान्सर असा आहे की तो फक्त लाल पेशी बनवणाऱ्या पेशींत चालतो, तेवढाच तोडला तर मेंदूला धक्का लागत नाही. २०२३ च्या शेवटी आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही ही क्रिस्पर (डीएनए नेमक्या जागी कापायचं तंत्र) थेरपी नेमकं हेच करते, पेशंटच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) बाहेर काढून हा एन्हान्सर कापतात आणि किमोथेरपीने हाडांतली मज्जा रिकामी करून त्या परत घालतात. बीटामधला मूळ बिघाड तसाच राहतो, दुरुस्त काहीच करत नाहीत, फक्त बंद जनुक उघडतात, तरी ट्रायलमधल्या ३१ पैकी २९ जणांना निदान सलग वर्षभर मोठा क्रायसिस (अचानक येणारं तीव्र दुखणं) आला नाही. किंमत मात्र अमेरिकेत २२ लाख डॉलर. सिकलचे एवढे रुग्ण आपल्या आदिवासी पट्ट्यात, गडचिरोली, चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंत, आणि उपचार इतका महाग, हे मला फार लागतं. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत देशी क्रिस्परवर काम चालू आहे, ते लवकर आपल्या पोरांपर्यंत पोचावं.

पण तोपर्यंत थांबायचं कारण नाही, कारण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली कॅप्सूल त्याच दिशेने काम करते. हायड्रॉक्सियुरिया डीएनए बनवण्याचा वेग कमी करते म्हणून ती काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात, मेडिकलवाला तेवढं खरं बोलला. पण सिकलमध्ये बेताचा डोस दिला की मज्जेवर थोडा ताण येतो आणि ज्या नव्या लाल पेशी बनतात त्यांत फीटल हिमोग्लोबिन जास्त असतं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत मोठ्या माणसांचे दुखण्याचे क्रायसिस जवळजवळ निम्म्यावर आले, नंतर लहान बाळांतही फायदा दिसला, आणि ९ महिन्यांपासून पुढे ती देता येते. सिकलच्या रुग्णांना वर्षानुवर्षं देऊनही त्यांच्यात कॅन्सर वाढल्याचं दिसलेलं नाही. धोका आहे तो पांढऱ्या पेशी कमी होण्याचा, म्हणून सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) सांगितल्या दिवशी करायची आणि ताप आला की घरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. एक-दोन आठवड्यांत फरक दिसत नाही, काही महिने लागतात, म्हणून मध्येच सोडू नका.

आपल्या भागातल्या बऱ्याच रुग्णांत फीटल हिमोग्लोबिन मुळातच थोडं जास्त असतं, त्यामुळे भारतातला सिकल सौम्य असतो असं कोणी सांगेल. त्यावर विसंबू नका, विदर्भातली कितीतरी लेकरं वारंवार ॲडमिट होतात. आणि पुढच्या बाळाचा विचार असेल तर दोघं एएस असताना दर खेपेला एसएसची शक्यता चारात एक असते, पहिलं झालं म्हणून दुसरं सुटलं असं नसतं. गरोदरपणात लवकर तपासणी होते, वेळेत विचारा.

प्रश्न: मला दम्यासाठी दोन पंप दिलेत. निळा घेतला की पाच मिनिटांत मोकळं वाटतं, दुसरा स्टेरॉइडचा रोज घेते पण काहीच जाणवत नाही. मग तो कशाला? स्टेरॉइडची भीतीही वाटते.
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर: दोघांचा निरोप पेशीत वेगळ्या ठिकाणी पोचतो. निळ्यातलं साल्ब्युटामॉल पेशीच्या आत जातच नाही म्हटलं तरी चालेल, ते बाहेरच्या पडद्यावरच्या रिसेप्टरला (निरोप पकडणाऱ्या प्रोटीनला) चिकटतं, आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू भराभर तयार होतो आणि श्वासनलिकेभोवतीचा स्नायू सैल पडतो. सगळी प्रोटीन्स आधीच तयार असतात, नवीन काही बनवायचं नसतं, म्हणून मिनिटांत काम होतं आणि चार-सहा तासांत उतरतं. (हा निरोप्या रेणू अर्ल सदरलँड यांनी लिव्हरवर ॲड्रिनॅलिन कसं काम करतं ते शोधताना पकडला, १९७१ चं नोबेल त्याचंच.)

स्टेरॉइड पडद्यातून सरळ आत शिरतं, आतल्या रिसेप्टरला घेऊन केंद्रकात जातं आणि सूज आणणारी जनुकं बंद करतं. आता जनुक बंद झालं तरी आधी बनलेली प्रोटीन्स आणि जमलेल्या पेशी लगेच जात नाहीत, म्हणून परिणाम दिसायला दिवस, कधी आठवडे लागतात. दम्याचं मूळ ती सूजच आहे, नुसता निळा ओढत राहिलं तर सूज आत वाढत राहते आणि एखाद्या रात्री मोठा ॲटॅक येतो. शिवाय निळा सारखा घेतला की त्याचे रिसेप्टर कमी होतात, आणि स्टेरॉइड त्या रिसेप्टरचं जनुक वाढवतं, म्हणजे जाणवत नसलं तरी तो दुसरा पंप तुमच्या निळ्यालाही मदत करतोय. भीतीचं म्हणाल तर पंपाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळ्यांचा मिलिग्रॅममध्ये. घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी येते. जाणवत नाही म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्न: लहानपणी तांब्याभर दूध प्यायचो, आता चाळिशीत अर्धा कप घेतला तरी पोट फुगतं. रोज थोडं थोडं घेतलं तर सवय होईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: जगातल्या बहुतेक माणसांत लॅक्टोज पचवणाऱ्या लॅक्टेज या एन्झाइमचं जनुक लहानपणानंतर मंदावतं. ज्यांच्यात ते चालू राहतं त्यांच्यात जनुक वेगळं नसतं, त्याच्यापासून साधारण १४,००० अक्षरं अलीकडे एका जागी एक अक्षर बदललेलं असतं. युरोपात सापडणारा तोच बदल भारतातही आहे, वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे कमी. पण बॅक्टेरियाचं जनुक लॅक्टोज दिसलं की उघडतं, माणसाचं तसं उघडत नाही, त्यामुळे रोज दूध पिऊन तुमचं लॅक्टेज वाढणार नाही. तरी काहींना सवय झाल्यासारखं वाटतं, कारण आतड्यातल्या बॅक्टेरियांची वस्ती बदलते आणि गॅस कमी होतो. तेव्हा थोडं थोडं, जेवणाबरोबर घेऊन बघायला हरकत नाही. दही-ताक बहुतेकांना चालतं, विरजणातले बॅक्टेरिया बरंचसं लॅक्टोज आधीच फोडतात. मात्र वजन उतरत असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल तर हे दुधाचं समजून बसू नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.