मायलेज पण पाहिजे आणि मजा पण? मग हे वाच

अभिनंदन मित्रा, ह्युंदाईची आय२० एन लाईन, मस्त गाडी घेतलीस! मायलेजचं एवढं टेन्शन घेऊ नकोस, फक्त टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारी यंत्रणा) कसा चालतो ते समजून घे. १ लिटर इंजिन, १२० पीएस पॉवर, आणि १७२ एनएमचा पूर्ण टॉर्क (ओढायची ताकद) १५०० आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळायला लागतो, म्हणजे सिटीत ४००० पर्यंत खेचायची गरजच नाही, २००० च्या आसपास पुढचा गिअर टाक, पाय हलका ठेव, पुढचा सिग्नल लाल दिसला की लगेच ॲक्सिलरेटर सोड. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, त्यामुळे उतारावर न्यूट्रल करून काहीच वाचत नाही, उलट इंजिन ब्रेकिंग (गिअरमधलं इंजिन गाडीला जे आवरून धरतं ते) जातं आणि घाटात ते फार डेंजर आहे.

एक्सप्रेसवेवर ८०-९० धर, वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. टायरमधल्या हवेचं प्रेशर महिन्यातून दोनदा बघ, टायर थंड असताना.

आणि मजा? ती ताम्हिणी घाटात पहाटे, रस्ता मोकळा असताना. वळणाआधीच ब्रेक, सेकंड टाक, वळण उलगडलं की हळूहळू ॲक्सिलरेटर दे, बघ गाडी कशी ओढते. तेव्हा मात्र मायलेजच्या आकड्याकडे अजिबात बघायचं नाही!