'राजा ईडिपस'मधील नाट्यतंत्राचा अभ्यास कसा करावा?

आपण विचारले आहे, की एम.ए.ला सोफोक्लीजची 'राजा ईडिपस' ही शोकात्मिका आहे, नोट्समधील नाट्यगत उपरोध, प्रतिमा, वृंदगान, स्थितिविपर्यय ही यादी तोंडपाठ झाली आहे, तरीही प्रश्न समोर आला की चार ओळींपुढे लेखणी सरकत नाही; तेव्हा या नाटकाचा अभ्यास करावा तरी कसा? मी हे नाटक काही वर्षे शिकवले आहे. माझ्या मते यात दोष आपल्या पाठांतराचा नसून त्या यादीचा आहे, कारण या नाटकातील सर्व तंत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: कोणाला, काय आणि केव्हा कळले?

ईडिपसने नकळत आपल्या बापाला, म्हणजे थीब्जचा राजा लायस याला मारले आणि आईशी लग्न केले, ही कथा अथेन्सच्या प्रेक्षकाला नाटक सुरू होण्यापूर्वीच माहीत होती. त्यामुळे राजा लायसच्या मारेकऱ्याला ईडिपस भर सभेत शाप देतो आणि लायस जणू आपलाच पिता असावा अशा निष्ठेने त्याच्यासाठी लढण्याची घोषणा करतो, तेव्हा प्रत्येक शब्द त्याच्या दृष्टीने एका अर्थाचा आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने दुसऱ्याच अर्थाचा असतो. नाट्यगत उपरोध म्हणतात तो हाच. व्याख्या लिहून थांबू नये. पेन्सिल घेऊन प्रत्येक प्रवेशाच्या समासात कोणाला काय ठाऊक आहे हे टिपावे.

एक अगदी लहान जागा दाखवतो. डेल्फीच्या देवळात कौल विचारून परतलेला राणीचा भाऊ क्रेऑन सांगतो, की लायसला लुटारूंनी मारले; लुटारू अनेक होते, असे तो स्पष्टपणे म्हणतो. त्यावर लगेच ईडिपस विचारतो, की येथून कोणी पैसे चारले नसते तर लुटारूने एवढे धाडस कसे केले असते? अनेकवचनाचे एकवचन झाले, आणि ते खुद्द मारेकऱ्याच्या तोंडून. मराठीत 'लुटारू' हा शब्द दोन्ही वचनांत सारखाच असल्यामुळे हा फरक 'लुटारूंनी' आणि 'लुटारूने' एवढ्यावरच तोलला जातो. भरभर वाचणाऱ्याच्या हातून तो हमखास निसटतो. (मूळ ग्रीक येत नसेल तर इंग्रजीतील दोन भाषांतरे आणि पु. ल. देशपांडे यांचे 'राजा ओयदिपौस' शेजारी ठेवून अशा जागा ताडून पाहाव्यात.)

हा धागा पुढेही जातो. लायस स्वतःच्या मुलाच्या हातून मरेल ही भविष्यवाणी खोटी ठरली, हे पटवून नवऱ्याला धीर द्यावा म्हणून राणी योकास्टा सांगते, की लायसला तर तिवाट्यावर परक्या लुटारूंनी मारले. आणि 'तिवाटा' हा एकच शब्द ऐकून ईडिपस हादरतो, कारण तिवाट्यावरच त्याने कधीकाळी एका वृद्धाला ठार केलेले असते. आता त्याची सारी आशा संख्येवर टांगलेली राहते: त्या प्रसंगातून वाचलेला नोकर 'अनेक' म्हणाला तर आपण सुटलो, कारण एक म्हणजे अनेक नव्हे. म्हणून तो त्या माणसाला बोलावणे पाठवतो.

मध्येच कोरिंथचा दूत येतो. ईडिपस ज्याला आपला पिता समजतो त्या कोरिंथच्या राजा पॉलिबसच्या मृत्यूची बातमी देऊन आणि तो तुझा जन्मदाता नव्हताच असे सांगून आपण राजाची भीती घालवतो आहोत, अशी त्याची समजूत असते. होते नेमके उलटे. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त स्थितिविपर्ययाचे (परिस्थिती अपेक्षेच्या उलट फिरण्याचे) उदाहरण म्हणून हाच प्रसंग घेतला आहे, आणि विपर्यय व अभिज्ञान (खरी ओळख पटणे) एकाच वेळी घडतात ते अभिज्ञान सर्वोत्तम, असेही तो याच नाटकाच्या आधारे म्हणतो.

दृष्टी आणि आंधळेपण यांवर सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात: आंधळ्या द्रष्ट्या टायरेसिअसला हिणवणारा ईडिपस शेवटी योकास्टाच्या वस्त्रावरील सोन्याच्या पिना स्वतःच्या डोळ्यांत खुपसतो. त्याच्या नावाचा अर्थ 'सुजलेल्या पायांचा' असा आहे, पण ग्रीक कानाला त्यात 'मला ठाऊक आहे' या अर्थाच्या शब्दाचाही भास होतो, आणि तो स्वतः उपहासाने 'काहीच न जाणणारा मी ईडिपस' म्हणतो तेव्हा सोफोक्लीज याच ध्वनीशी खेळत असतो. ही श्लेषाची जागा कोणत्याही भाषांतरात पुरती उतरत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करतो. शोकनायकाच्या प्रमादासाठी ॲरिस्टॉटलने वापरलेल्या 'हॅमर्शिया' या शब्दाचे भाषांतर नोट्समध्ये सरसकट 'गर्व' असे केलेले आढळते. तो शब्द नेम चुकण्याशी संबंधित आहे. ईडिपसचा प्रमाद मुख्यतः न जाणण्याचा आहे. तो तापट आहे हे खरे, पण बापाला बाप म्हणून ओळखले नाही, याला गर्व कसे म्हणावे?

आता शेवटच्या तयारीसाठी मेंढपाळाचा, म्हणजे त्या वाचलेल्या नोकराचा, प्रवेश पुन्हा वाचावा. त्याला बोलावले होते ते मारेकरी एक होता की अनेक, एवढेच विचारण्यासाठी. तो येतो, दूतासमोर उभा केला जातो, त्याचे हात पिरगाळण्याचा हुकूम होतो, तान्ह्या मुलाची, म्हणजे ईडिपसचीच, हकीकत त्याच्याकडून एकेका वाक्याने काढून घेतली जाते. पण ज्या प्रश्नासाठी त्याला आणले, तो प्रश्न शेवटपर्यंत कोणीच विचारत नाही. तो का विचारला जात नाही, यावर नोट्स बाजूला ठेवून एक पान लिहून पाहावे.