ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये फोर-के ॲनिमेशन रेंडर करायला जास्त खर्च प्रोसेसरवर करावा की ग्राफिक्स कार्डवर?

ग्राफिक्स कार्डवर, आणि तेही आधी त्याची मेमरी बघून. सायकल्स इंजिन (ब्लेंडरचा रेंडर करणारा, म्हणजे सीनमधून अंतिम चित्रं तयार करणारा भाग) कार्डवर चालवलं की सीनमधली मॉडेल्स, टेक्स्चर्स सगळं त्या मेमरीत मावावं लागतं; नाही मावलं तर रेंडर रखडतं किंवा थेट बंद पडतं, मग कार्ड कितीही वेगवान असो. फोर-केमध्ये (३८४० × २१६०) फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, म्हणजे वेळही साधारण चौपट. दोन कार्डं लावून वेग वाढतो, पण १२ जीबीची दोन मिळून सहसा २४ जीबी होत नाहीत (इथे बरेच जण फसतात). माझ्या मते १६ जीबीच्या खाली जाऊ नका. मात्र पाणी-धुराचं सिम्युलेशन भरपूर असेल तर ते गणित ब्लेंडरमध्ये प्रोसेसरच करतो, तेव्हा तो हलका घेऊन चालणार नाही.